कर्जाच्या पुढं पळत राहिलेला लेखक : एडगर वॉलेसची गोष्ट



किंग काँग हे नाव ऐकलं नाही असं पोरगं आता गावात शोधूनही सापडायचं नाही. उंच इमारतीवर चढलेलं ते अवाढव्य माकड अन् त्याच्याभोवती घिरट्या घालणारी विमानं मोबाईलवर कधी ना कधी समोर येतातच. पण त्या गोष्टीचा पहिला कच्चा मसुदा ज्यानं लिहिला, तो माणूस सिनेमा पडद्यावर यायच्या आधीच गेला. जाताना मागं मोठं कर्ज ठेवून गेला. हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्याचं नाव एडगर वॉलेस. इंग्लंडचा रहस्यकथा लेखक. १७० हून जास्त कादंबऱ्या, साडेनऊशेवर कथा अन् १८ नाटकं एवढं लिखाण त्याच्या नावावर आहे. एक काळ असा होता की इंग्लंडात वाचल्या जाणाऱ्या दर चार पुस्तकांतलं एक वॉलेसचं असतं, असं त्याचे प्रकाशक सांगायचे.

मग एवढं लिहिणारा अन् एवढा खपणारा माणूस कर्जात कसा गेला? हा प्रश्न मला सोडेना, कारण तो आपल्या बांधावरचाच आहे. भरपूर पिकवलं म्हणजे कर्ज फिटतंच असं नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून आज ही परमुलखातली गोष्ट सांगतो.

मासळी बाजारातल्या घरात वाढलेलं पोर

वॉलेसचा जन्म १ एप्रिल १८७५ चा. गाव लंडनजवळचं ग्रीनिच. आई मेरी जेन रिचर्ड्स, तिला पॉली म्हणत. ती नाटक कंपनीत छोटी-मोठी कामं करणारी विधवा बाई. कंपनीतल्याच एका नटापासून तिला दिवस गेले. तिनं ते सगळ्यांपासून लपवलं अन् गुपचूप बाळंत झाली. जन्माच्या नोंदीत बापाच्या जागी वॉलेस असं बनावट नाव लिहिलं गेलं. तेच आडनाव पुढं जगभर झालं.

सुईणीच्या ओळखीनं हे बाळ फ्रीमन नावाच्या कुटुंबात गेलं. जॉर्ज फ्रीमनचा रोजगार लंडनच्या बिलिंग्जगेट मासळी बाजारात. घरात आधीच दहा लेकरं, त्यात हे अकरावं. पॉली पोराच्या खर्चाला थोडे पैसे देत होती. १८७८ च्या सुमाराला तिला तेही जमेना. तेव्हा फ्रीमन नवराबायकोनं पोर अनाथांच्या घरात टाकलं नाही, आपलंच म्हणून ठेवून घेतलं. पैसा नव्हता, पण जीव लावला. वॉलेसच्या सगळ्या आयुष्यात एवढीच एक गोष्ट उधारीवर नव्हती.

बाराव्या वर्षी शाळा सुटली. त्याआधीपासूनच तो लंडनच्या लडगेट सर्कस नावाच्या चौकात पेपर विकत होता. पुढं छापखाना, रबराचा कारखाना, चपला-बुटाचं दुकान, मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाक, दूध घालणं, मिळेल ते काम केलं. दुधाच्या पैशात गफलत केली म्हणून ते काम गेलं. पैसा हातात आला की त्याला धीर धरवत नव्हता, ही खोड तेव्हापासूनची.

फौजेतून बातमीदारीत

१८९४ साली तो फौजेत भरती झाला अन् १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेला गेला. पायदळ झेपेना म्हणून दवाखान्याच्या पथकात बदली करून घेतली. मोकळा वेळ मिळायचा तेव्हा कविता लिहायचा. त्या तिकडच्या पेपरात छापून यायला लागल्या. आपल्या मुंबईत जन्मलेला प्रसिद्ध लेखक रुडयार्ड किपलिंग १८९८ साली केपटाऊनला आला होता. त्याची अन् या शिपायाची तिथं भेट झाली. त्याच वर्षी वॉलेसचं कवितांचं छोटं पुस्तक निघालं. १८९९ मध्ये त्यानं पैसे भरून फौजेतून सुटका करून घेतली अन् लेखणी धरली.

आधी रॉयटर्स या वृत्तसंस्थेसाठी अन् मग लंडनच्या डेली मेल या पेपरसाठी तो युद्धाच्या बातम्या पाठवू लागला. इंग्रज अन् बोअर लोकांची लढाई चालू होती. १९०१ साली त्यानं आयव्ही कॅल्डेकॉट या मिशनऱ्याच्या मुलीशी लग्न केलं. सासऱ्याला हे लग्न अजिबात पसंत नव्हतं.

रुमालाची खूण

मी स्वतः दिवसा रानात अन् संध्याकाळी बातम्या पाठवणारा माणूस आहे. त्यामुळं वॉलेसच्या आयुष्यातला हा प्रसंग मला सगळ्यात आवडतो.

१९०२ साली तहाची बोलणी फ्रीनिखिंग या ठिकाणी चालू होती. इंग्रजांचा सेनापती लॉर्ड किचनर, जो पुढं हिंदुस्थानात सरसेनापती म्हणून आला, त्यानं बातमीदारांना आत शिरू दिलं नव्हतं. तारांवर पहारा होता. वॉलेसनं डोकं चालवलं. छावणीच्या पहाऱ्यावर त्याचा फौजेतला जुना दोस्त होता. वॉलेस रोज आगगाडीत बसून त्या छावणीजवळून जायचा. दोस्त ठरलेल्या रंगाचा रुमाल काढून नाक पुसायचा. एका रंगाचा अर्थ अजून काही नाही, दुसऱ्याचा अर्थ बोलणी पुढं सरकली, पांढऱ्याचा अर्थ तह पक्का.

एके दिवशी पांढरा रुमाल दिसला. आता तार कशी करायची? त्यानं शेअर खरेदी-विक्रीचा निरोप असावा अशा सांकेतिक भाषेत लंडनला तार धाडली. सरकारनं जाहीर करायच्या आधी डेली मेलनं तहाची बातमी छापली. किचनर एवढा संतापला की वॉलेसचा युद्ध बातमीदाराचा परवानाच काढून घेतला.

त्याच वर्षी जोहान्सबर्गमध्ये रँड डेली मेल हा नवा पेपर निघाला अन् वॉलेस त्याचा पहिला संपादक झाला. पगार दांडगा होता, पण खर्च त्याहून दांडगा. मालकाशी बिनसलं अन् नोकरी गेली.

१९०३ हे साल तर फार वाईट गेलं. त्याची पहिली मुलगी मेंदूज्वरानं दगावली. नवराबायको कर्जबाजारी होऊन लंडनला परतले. याच वर्षी पॉली, त्याला जन्म देणारी आई, त्याच्या दारात आली. साठीची, आजारी, हातात पैसा नाही. वॉलेसची तिच्याशी ओळखच नव्हती. त्यानं तिला मदत न करता परत पाठवलं. काही महिन्यांत ब्रॅडफर्डच्या दवाखान्यात ती गेली. ज्याला परक्यांनी आपलं केलं, त्यानं आपल्या जन्मदात्रीला परकं केलं. हा डाग चरित्र सांगताना झाकून चालत नाही.

बक्षिसानं केलेला घात

कर्ज फेडायचं म्हणून वॉलेसनं रहस्यकथा लिहायला घेतली. १९०५ साली 'द फोर जस्ट मेन' म्हणजे चार न्यायी माणसं ही कादंबरी आली. गोष्ट अशी की चार जण एका मंत्र्याला बजावतात, अमुक कायदा मागं घे, नाहीतर अमुक वेळेला तुझा जीव जाईल. मंत्री बंद खोलीत, बाहेर पोलिसांचा वेढा. तरी ठरल्या वेळेला तो मरतो. कसा मेला?

उत्तर वॉलेसनं पुस्तकात छापलंच नाही. जो ओळखेल त्याला बक्षीस, अशी शक्कल काढली. बक्षिसाची रक्कम ५०० पौंड. पुस्तक छापायला कुणी तयार होईना म्हणून टॅलिस प्रेस नावानं स्वतःच प्रकाशन काढलं. बसगाड्यांवर, भिंतींवर, पेपरात जाहिराती लावल्या.

पुस्तक धडाक्यात खपलं. पण एक चूक झाली. बरोबर उत्तर देणाऱ्यांतून ठरावीक जणांनाच बक्षीस मिळेल, ही अट त्यानं घातलीच नव्हती. बरोबर उत्तरं बरीच आली. प्रत्येक जण पैसे मागू लागला. जाहिरातीचा खर्च वेगळाच. जेवढं पुस्तक खपत गेलं तेवढा तो खोलात गेला. शेवटी पेपरच्या मालकानं आपलं नाव खराब होईल या भीतीनं उसने पैसे देऊन त्याला सोडवलं. हातात आलेलं ते पुस्तक, ज्यानं त्याला आयुष्यभर पोसलं असतं, त्याचे हक्क त्यानं किरकोळ रकमेला विकून टाकले.

मंडळी, इथं जरा थांबा. एका वर्षी मी पण डाळिंबाची बाग बहार तयार व्हायच्या आधीच ठोक देऊन टाकली होती. कारण सोसायटीचा हप्ता डोक्यावर होता. महिन्याभरात भाव चढला. झाडं माझी, फवारणी माझी अन् पैसा दुसऱ्याचा. वॉलेसनं हेच आयुष्यातली कितीतरी वर्षं केलं. कथा लिहायची, गरज आली की सगळे हक्क ठोक विकायचे, मग पुढची कथा लिहायला बसायचं.

काँगो अन् नोकरीवर गदा

१९०७ साली तो आफ्रिकेतल्या काँगोला गेला. बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या अमलाखाली तिथल्या लोकांकडून रबर गोळा करून घेण्यासाठी अमानुष छळ चालला होता. त्याची बातमीदारी करायला तो गेला. पण त्याच सुमाराला त्याच्या काही बातम्यांत चुका निघाल्या अन् पेपरवर अब्रुनुकसानीचे दावे लागले. पेपरला मोठी भरपाई द्यावी लागली अन् वॉलेसची नोकरी गेली. दुसरा पेपर दारात उभं करीना. घरी बायको, लेकरं अन् देणेकऱ्यांचे निरोप.

अशा वेळी एका साप्ताहिकाच्या संपादिका इझाबेल थॉर्न यांनी त्याला सुचवलं की आफ्रिकेत जे बघितलंस त्यावर गोष्टी लिही. त्यातून 'सँडर्स ऑफ द रिव्हर' ही कथांची मालिका आली. पुस्तक निघालं १९११ मध्ये. लोकांनी ती डोक्यावर घेतली. पण आज वाचताना त्यातला सूर खटकतो. गोरा साहेब शहाणा अन् काळी माणसं लेकरासारखी अडाणी, असंच त्यात दाखवलंय. जो माणूस काँगोतला जुलूम लिहायला गेला, त्यानं गोष्टी मात्र साहेबाच्या बाजूनं लिहिल्या. आपणही साहेबाचं राज्य भोगलंय, त्यामुळं हे आपल्याला चटकन कळतं.

तीन दिवसांत कादंबरी

१९२१ साल वॉलेससाठी फिरलं. हॉडर अँड स्टाउटन या मोठ्या प्रकाशकाशी त्यानं करार केला. ठोक विक्री बंद. आता दर पुस्तकाला आगाऊ रक्कम अन् वर खपाप्रमाणं हिस्सा. शिवाय जाहिरात प्रकाशकाची. त्याच वर्षी दुसरं लग्न झालं. पहिल्या बायकोशी काडीमोड झाला होता. नवी बायको व्हायोलेट किंग ही आधी त्याची लेखनिक होती.

आता त्याचं लिहिणं कसं चालायचं ते बघा. तो हातानं फारसं लिहीतच नसे. मेणाच्या नळकांड्यावर आवाज उतरवणारं यंत्र असायचं, त्याच्यापुढं बसून तो गोष्ट बोलत जायचा. लेखनिक ती ऐकून टाइप करायचे. आज आपण मोबाईलवर बोलून मेसेज टाइप करतो ना, तसंच, फक्त शंभर वर्षांपूर्वी. एक कादंबरी दोन-तीन दिवसांत पुरी. 'द डेव्हिल मॅन' ही कादंबरी साठेक तासांत सांगून संपवली. शिकागोच्या गुंडांवरचं 'ऑन द स्पॉट' हे नाटक चार दिवसांत. एकदा सांगितलं की परत वाचून दुरुस्त करायची सवय नव्हती. त्यामुळं चुकाही राहायच्या.

बसला की उठायचा नाही. दिवसभर गोड चहा अन् लांब नळीतून एकामागून एक सिगारेट. त्याच्यावर विनोद व्हायचे. कुणी फोन केला अन् कळलं की साहेब कादंबरी लिहितायत, तर तो म्हणे फोन न ठेवता थांबून राहायचा, एवढ्यात होईलच म्हणून.

लोकांना त्याच्या गोष्टी का आवडायच्या? पहिल्या पानापासून काहीतरी घडायचं. त्याच्या गोष्टीत चोर, भुरटे, घोड्यावर पैसे लावणारे, साधे पोलीस अशी रस्त्यावरची माणसं असायची अन् त्यांची बोली खरी वाटायची. ती त्यानं पेपर विकताना चौकात ऐकलेली होती. त्याचा मिस्टर रीडर हा गुप्तहेर दिसायला साधा, भित्रा कारकून वाटणारा म्हातारा. पण डोकं चोराचं, म्हणून चोर पकडायचा. १९२६ मध्ये 'द रिंगर' हे नाटक गाजलं अन् वॉलेस नाटकवाल्यांतही मोठा झाला.

आला तसा गेला

पैसा पाण्यासारखा आला. गाडी रोल्स-रॉइस, नोकरचाकर, गावाकडं मोठा वाडा. मागेल त्याला तो द्यायचा, हात सढळ होता. पण खरी गळती होती घोड्यांच्या शर्यतीत. तो शर्यतीवर पेपरात लिहायचा, कोणता घोडा जिंकेल ते सांगायचा, स्वतः घोडे पाळायचा अन् पैज लावायचा. बहुतेक वेळा हरायचा. मग हरलेलं भरून काढायला नवी कादंबरी. म्हणजे मोटार कितीही जोरात चालली तरी पाइपच फुटका असेल तर टाकी भरणार कशी?

१९३१ साली तो निवडणुकीला पण उभा राहिला. ब्लॅकपूल मतदारसंघ, लिबरल पक्षाकडून. ३३ हजारांहून जास्त मतांनी पडला. इकडं देणेकरी दारात. नोव्हेंबर १९३१ मध्ये त्यानं अमेरिकेचा रस्ता धरला. हॉलिवूडच्या आरकेओ या सिनेमा कंपनीनं कथा लिहायला बोलावलं होतं.

तिथं त्याला एका राक्षसी माकडाच्या सिनेमाचं काम मिळालं. त्यानं झपाट्यानं पहिला मसुदा लिहून दिला. तोच किंग काँग. पुढं त्यात खूप बदल झाले, पण कथेच्या श्रेयात त्याचं नाव राहिलं.

तिथंच त्याचं डोकं दुखायला लागलं. तपासलं तर साखरेचा आजार निघाला. किती वर्षांपासून अंगात होता कुणाला ठाऊक, कधी तपासलंच नव्हतं. त्यातच न्यूमोनिया झाला. इंग्लंडात व्हायोलेट बोटीनं निघायच्या तयारीत होती, तोवर निरोप आला. १० फेब्रुवारी १९३२ रोजी बेव्हर्ली हिल्स इथं एडगर वॉलेस गेला. वय अवघं ५६.

पार्थिव बोटीनं इंग्लंडला आणलं. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर, जिथं सगळ्या पेपरांची ऑफिसं होती, तिथले झेंडे अर्ध्यावर उतरवले गेले. सेंट ब्राइड चर्चची घंटा वाजली. लिटल मार्लो या गावी, त्याच्या वाड्याजवळच, त्याला पुरलं.

मेल्यावर फिटलेलं कर्ज

मागं राहिलं ते कर्ज. व्हायोलेट चौदा महिन्यांतच, एप्रिल १९३३ मध्ये, अवघ्या ३३ व्या वर्षी गेली. तेव्हाही देणं बाकीच होतं. पण लोक वॉलेसची पुस्तकं घेतच राहिले. नाटकं, सिनेमे चालतच राहिले. त्या हिश्श्याच्या पैशातून काही वर्षांतच सगळं कर्ज फिटलं अन् लेकरांना उत्पन्न सुरू झालं. जर्मनीत तर १९५९ पासून पुढं त्याच्या कथांवर तीसेक सिनेमे निघाले. लडगेट सर्कसच्या ज्या चौकात तो पेपर विकायचा, तिथं आज त्याच्या नावाची पाटी आहे.

बघा, कर्ज फेडलं ते त्या हिश्श्यानं, जो त्यानं उशिरा का होईना राखून ठेवला. ठोक विकलेल्या पुस्तकांनी दुसऱ्यांची घरं भरली.

आपल्याकडं बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, म्हणजे संख्येनं वॉलेसच्याही पुढं. जुन्या माणसांनी त्या भाड्यानं आणून कंदिलाच्या उजेडात वाचल्यात. असे लेखक शाळेच्या पुस्तकात येत नाहीत. पण दमलेल्या माणसाला रात्री दोन तास सगळं विसरायला लावणं हे काही लहान काम नाही. वॉलेसनं ते लाखो लोकांसाठी केलं. स्वतःला मात्र एक रात्र निवांत बसू दिलं नाही.

माझ्या घरी डाळिंबाची ती बाग अजून आहे. औंदा व्यापारी येऊन गेला, रक्कम पण बोलला. वॉलेसची गोष्ट डोक्यात होती म्हणून की काय, अर्धी बाग दिली, अर्धी राखली. भाव काय निघतोय ते कळेलच. आणि हो, चाळिशी ओलांडलेल्या मंडळींनो, चहा गोड लागत असेल तर एकदा शुगर तपासून घ्या.